पिशवी माफी मागणार नाही

मी एक पिशवी आहे. कोटाच्या जाड कापडाची, आतून अस्तर लावलेली, तोंडाशी नाडी असलेली. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी इथे माफी मागायला आलेले नाही.

बुद्धिबळाच्या जगात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. 'घरच्याच पिशवीनं घात केला' म्हणतात आणि वर हसतात. ज्यांनी आयुष्यात एकदाही माझ्यात हात घातला नाही, ते माझ्या पोटातलं सांगतात. आजवर मी ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानात झाला. एका वकिलाचा कोट अंगाबरोबर करायला आला होता. वकीलसाहेब बारीक झाले होते म्हणे. दुकानात कुणाचा विश्वास बसला नाही, पण कोट उसवावा लागला आणि पाठीतून बरंच कापड उरलं. ते त्यांनी परत मागितलं नाही. त्यातून मी शिवले गेले, दुहेरी शिलाई मारून.

शिंपीबाबांना मुलगी एकच, दहा वर्षांची. बाबांनीच तिला बुद्धिबळ शिकवलं आणि दोन वर्षांत पस्तावले. कारण पोरीनं वाचनालयातून पुस्तकं आणून डावाच्या सुरुवातीच्या पंधरा-सोळा चाली घडाघडा पाठ केल्या. शिवणयंत्राशेजारी पट मांडायचा, बाबांनी प्यादं पुढे ढकलायचं, आणि पोरीनं वर न बघताच उत्तर द्यायचं. बाबा रोज हरत.

"बाबा, तुम्ही परत तिथंच चुकलात."

"मी चुकतो, मान्य. पण तू तरी कुठं खेळतेस? तू पाठ म्हणून दाखवतेस."

पोरगी फणकारली. बाबांनी खणातून कोटाची आठ मोठी बटणं काढली, सगळी एका मापाची, आणि प्रत्येकाच्या पाठीवर रंगानं एकेक चित्र काढलं. एक राजा, एक वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे. उंट बकरीसारखे झाले होते, पण ओळखू येत होते. ती बटणं माझ्या पोटात टाकली, नाडी ओढली आणि मला खळखळ हलवलं.

"आता एकेक बटण काढायचं. निघेल तो मोहरा डावीकडून लावत जायचा. प्यादी आपली पुढे, नेहमीसारखी. मागची रांग मात्र पिशवी सांगेल तशी. तुझी तशी माझी, समोरासमोर."

दोन नियम पुढे भांडणांतून ठरले. दोन उंट एकाच रंगाच्या घरांत येता कामा नयेत, आणि राजा दोन हत्तींच्या मधे कुठेतरी हवा. तसं नाही आलं तर सगळी बटणं परत आत. एवढं सांभाळलं तर नऊशे साठ मांडण्या होतात. हा हिशेब पोरीनंच केला, कापडावर रेघा मारायच्या खडूनं, दुकानाच्या फरशीवर. पुढे कळलं की जगात आणखीही लोकांना हेच सुचलं होतं. असेल. आमच्या बाबांना मात्र ते स्वतःहून सुचलं.

पहिले तीन दिवस पोरगी रडली. वजीर कोपऱ्यात, घोडा मधोमध, पाठ केलेलं सगळं मातीमोल. चौथ्या दिवशी तिनं पटाकडे टक लावून पाहिलं, तब्बल दहा मिनिटं. मग एक चाल केली. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. बाबांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "हां! आता खेळलीस."

त्या दिवसापासून ती माझी झाली आणि मी तिची.

पुढचं जगजाहीर आहे. पोरीची ताई झाली. सगळे खेळाडू तिला ताईच म्हणतात. नेहमीच्या बुद्धिबळात ती वर चढली, थेट पहिल्या विसांत जाऊन बसली. मग खेळ बदलला. बड्या खेळाडूंच्या मागे चार-चार मदतनीस आले, त्यांच्यापुढे संगणक आले. डाव सुरू होण्याआधीच वीस चाली ठरलेल्या. ताईकडे मदतनीस म्हणून कोण? बाबा होते, तेही गेले. ती पंचविसाव्या चालीला विचार करायला बसे तेव्हा समोरचा अजून घरून आणलेल्या चालीच खेळत असे. ती घसरत गेली, आणि मी तिच्या बॅगेच्या तळाशी पडून राहिले.

आणि एके दिवशी मोठ्या खेळाडूंनाच पाठांतराचा वीट आला. पहिल्या प्रतीच्या बारा जणांची स्पर्धा जाहीर झाली, प्रत्येक फेरीला मागची रांग बदलून. ताई सेहेचाळीस वर्षांची होती. पात्रता फेऱ्यांतून धडका मारत ती त्या बारांत शिरली. तिथला नियम साधा होता: पहिले आठ पुढच्या वर्षीही खेळणार, बाकीच्यांनी घर गाठायचं. या वयात एकदा बाहेर पडलं की परत आत येणं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी त्या स्पर्धेच्या टेबलावर कशी पोचले तेही सांगते, कारण त्यावरूनच पुढे बोंब झाली. मांडणी काढायला पडद्यावर एक कळ दाबायची सोय होती. पहिल्याच दिवशी एक खेळाडू म्हणाला, "ही कळ कुणी बनवली, आतमध्ये काय घातलंय, आम्हाला काय माहीत?" दुसऱ्यानं री ओढली. बुद्धीनं मोठी माणसं संशयानंही मोठी असतात. मुख्य पंच डोकं धरून बसले. तेव्हा ताईनं मला बॅगेतून काढलं.

"हे चालतंय का बघा. आमच्या घरचं आहे."

बाकी अकराही जणांनी मला उलटं केलं, अस्तर चाचपलं, बटणं एकावर एक ठेवून मापली. एकानं तर माझा वास घेतला. सगळ्यांनी मान डोलावली. अकरा फेऱ्या मी मांडण्या दिल्या, पंचांकडे कुणाची एकही तक्रार नाही. हे ध्यानात ठेवा.

अकरा फेऱ्यांनंतर आठव्या जागेवर दोघं बरोबरीत होते. एक ताई. दुसरा एक चोवीस वर्षांचा पोरगा, ज्याला सगळे 'कोश' म्हणत. नेहमीच्या मांडणीतली जगातली एकूण एक सुरुवात त्याला तोंडपाठ. त्याची इथे दाणादाण उडाली होती, कारण माझ्यापुढे पाठांतराची डाळ शिजत नाही. दोघांत एकच निर्णायक डाव ठरला. बरोबरी झाली तर काळे मोहरे घेणारा पुढे जाणार. काळे ताईकडे आले. म्हणजे तिला जिंकायचीही गरज नव्हती, नुसतं टिकायचं होतं. सभागृहातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं की ताई आठवी आली.

सकाळी अकराला मुख्य पंचांनी माझ्यात हात घातला.

पहिलं बटण, हत्ती. दुसरं, घोडा. कुणाचं लक्ष नव्हतं. तिसरा उंट. चौथा वजीर निघाला तेव्हा पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. पाचवा राजा. माझ्या पोटात तीन बटणं उरली होती आणि पंचांची बोटं गार पडली होती. उंट. घोडा. शेवटचं बटण काढायची गरजच नव्हती, तरी त्यांनी काढलं. हत्ती.

नेहमीची मांडणी! शेकडो वर्षं सगळं जग जी लावत आलं तीच. नऊशे साठांतली ती एक, आणि ती नेमकी आज, कोशासमोर.

एकच गलका झाला. "पिशवीत घोळ आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. ज्या पिशवीचा ताईला फायदा होतो म्हणून आठवडाभर कुजबुज चालली होती, तीच आता ताईला बुडवायला निघाली म्हणून ओरडा. माणसांनी एकदा काय ते ठरवावं! आयोजक धावत आले. मला पुन्हा उलटं केलं, दिव्यापुढे धरलं, शिलाई नखानं उकरून पाहिली. इतक्या वर्षांत माझा असा अपमान झाला नव्हता.

"परत काढा," आयोजक म्हणाले. "लोक हे बघायला आलेत का? हे तर रोज घरीच बघतात."

पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "परत काढायचा नियम नाही. पण दोघांची तयारी असेल तर माझी हरकत नाही."

सगळे कोशाकडे वळले. त्याच्या चेहऱ्यावर नुकताच कुठे रंग आला होता. ओठ दोनदा हलले. मग तो म्हणाला, "ताई म्हणत असतील तर काढा. माझी ना नाही." त्याच्या तोंडून हे कसं निघालं असेल ते मला कळत होतं. पोरगा मनानं सरळ होता.

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ताई माझ्याकडे बघत होती. खरं सांगते, मलाही वाटलं, म्हण बाई हो. मी दुसरी देईन. नऊशे एकोणसाठ आहेत माझ्याकडे.

"नाही," ताई म्हणाली. "नको असलेलं आलं की परत टाकायचं, तर पिशवी कशाला हवी? बसा आणि आपल्याला हवं तसं मांडा ना. अकरा दिवस हिनं दिलं ते घेतलंत. आजचंही घ्यायचं."

"ताई, विचार करा..." पंच हळूच म्हणाले.

"केला. घड्याळ सुरू करा."

माझ्यावर कुणी असा विश्वास टाकलेला मी पाहिला नव्हता.

डाव सुरू झाला. कोशानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. ताईनं अगदी कडेचं प्यादं एक घर सरकवलं. लोक हसले. दुसऱ्या चालीला तिनं घोडा काठावर नेला. पाचव्या चालीला राजाच उचलून पुढच्या घरात ठेवला, म्हणजे राजाला हत्तीआड लपवायचा, किल्लेकोटाचा हक्क आपल्या हातानं घालवला. आता कुणी हसेना. कोशाची पानं संपली होती. चोवीस वर्षांच्या त्या पोरानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि पंचवीस मिनिटं पटाकडे पाहत बसला.

साडेपाच तास चालला तो डाव. ताईची अवस्था वाईट होती, मग कमी वाईट झाली, मग जवळपास बरोबरीला आली. शेवटी दोन राजे आणि मोजकी प्यादी उरली. एकाहत्तराव्या चालीला कळलं की तिचा राजा एक घर मागे आहे. फक्त एक घर. तिनं राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

"ताई," कोश म्हणाला, "इतका विचार मी आजवर कधी केला नव्हता. आज खरंच खेळलो."

"हो ना," ताई म्हणाली. "मुहूर्त बरा काढलास."

तिनं मला उचललं, बॅगेत टाकलं आणि तडक निघून आली. घरी आल्यावर मला कपाटात कोंबलं, जुन्या स्वेटरांच्या मागे. चार महिने तिनं माझं तोंड पाहिलं नाही. मीही तिला दोष देत नाही. बरोबर वागलं म्हणजे दुखत नाही असं थोडंच आहे? एकदा कपाट उघडून ती नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्यांतली तीच सापडली का गं तुला?" आणि दार लावून घेतलं. त्या रात्री मलाही वाईट वाटलं. वाईट वाटलं, पण चुकले असं वाटलं नाही.

पाचव्या महिन्यात मुख्य पंचांचा फोन आला. ताईनं तो कपाटासमोरच घेतला. खेळाडूंची सभा झाली होती. पुढच्या वर्षीपासून ती एक मांडणी यादीतून वगळायची, पिशवीही बंद, परत पडद्यावरची कळ. मतदान झालं. सगळे हात बाजूनं वर गेले. विरोधात एकच.

"कोणाचा?" ताईनं विचारलं. पलीकडून कोशाचं नाव आलं, आणि ती हसली. "तो होय? मग हरले ते वाया नाही गेलं."

फोन ठेवून तिनं स्वेटर बाजूला केले आणि मला बाहेर काढलं.

हल्ली मी तिच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर असते. संध्याकाळी तिच्याकडे खेळायला माणसं येतात. एक परिचारिका येते, एक निवृत्त ड्रायव्हर येतो, पावाच्या भट्टीवरचा एक कारागीर पीठ झटकत येतो. कधीकधी गावोगावच्या स्पर्धांमधून वेळ काढून कोशही येतो आणि ड्रायव्हरकडून मार खातो. माझी नाडी विटली आहे, अस्तर एका कोपऱ्यात फाटलंय. ताईनं परवाच दोन टाके घातले. बाबांच्या हातचे नाहीत, पण ठीक आहेत.

तुम्ही म्हणाल, जरा नरम हो, निदान एवढं तरी म्हण की त्या दिवशी तू तिला दुसरं काही द्यायला हवं होतंस. नाही म्हणणार. मी तिची बाजू घेतली असती तर ज्या अकरा फेऱ्या ती लढली, त्याही खोट्या ठरल्या असत्या. त्यांनी एक वगळली. मी नाही वगळत. माझ्यात नऊशे साठ आहेत, आणि नकोशी असलेली त्यांतलीच एक आहे.

या, हात घाला. पण जे निघेल ते परत आत टाकायचं नाही. पटावर ठेवायचं, आणि खेळायचं.