सुईतून काय गेलं

साथ सुरू झाल्यापासून कुंडलिक तायडे मास्क काढायचे ते फक्त जेवायला आणि झोपायला. बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, घरच्याच माणसांत बसून टीव्ही बघतानासुद्धा त्यांच्या नाकावर निळा मास्क असायचा. मुलगा सम्यक हसायचा. सून नीलम हसायची नाही, कारण सासरे का घाबरलेत ते तिला ठाऊक होतं. पहिल्या लाटेत त्यांचा धाकटा भाऊ धोंडिराम वाशिमला वारला. दवाखान्यात नेला तेव्हा तो चालत गाडीत बसला होता. परत आला तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि तोंडसुद्धा कोणाला बघू दिलं नाही. सकाळी इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी गेला, एवढंच कुंडलिकांच्या मनात घट्ट बसलं.

म्हणून लस आली तेव्हा ते सरळ म्हणाले, "मास्क मी स्वतः बांधतो, तो मला दिसतो. सुईतून काय जातं ते कोणाला दिसतं?"

नीलम महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. सोसायटीत सगळे तिला तायडे टीचर म्हणायचे, आणि तिच्या बोलण्याला किंमत होती. दुसऱ्या लाटेत त्यांच्याच बिल्डिंगमधून चार-पाच माणसं गेली, तेव्हापासून ती लशीच्या मागे लागली होती. मोबाइलवर नंबर लागत नव्हता, केंद्रांवर पहाटेपासून रांगा होत्या. तेवढ्यात सेक्रेटरी हर्षदभाईंनी बातमी आणली की एका मोठ्या खासगी हॉस्पिटलची माणसं सोसायटीच्या हॉलमध्येच कॅम्प लावायला तयार आहेत. नीलमला हायसं वाटलं. ती मजल्यामजल्यावर गेली, लोकांना समजावलं. तळमजल्यावरच्या नलिनीकाकू तर दारच उघडेनात. नीलमने दाराबाहेरून अर्धा तास बोलून त्यांना तयार केलं.

सासऱ्यांना मात्र तिने समजावलं नाही. फक्त म्हणाली, "बाबा, मला तुमची फार भीती वाटते. माझ्यासाठी घ्या."

त्यांनी उठून शर्ट बदलला.

कॅम्प अगदी झटपट उरकला. हॉलमध्ये दोन टेबलं, दोन तरुण मुलं आणि एक बाई. ना गळ्यात ओळखपत्र, ना नंतर कोणी अर्धा तास बसा म्हणालं. कोणीतरी फोटो काढायला गेलं तर बाई ओरडली, "फोटो नाय हां, सांगून ठेवते." नीलमने पाहिलं, टेबलावरच्या बाटल्यांची झाकणं आधीच उघडलेली होती. तिला वाटलं, घाई आहे, आधीच तयारी करून ठेवली असेल. सम्यकला त्याच्या कामावर आधीच मिळाली होती; तिनेही घेतली, सासऱ्यांनीही घेतली.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकांचा चेहराच बदलला. ना ताप, ना अंगदुखी. "बघ, उगाच घाबरत होतो," ते म्हणाले आणि नाकावरचा मास्क काढून कित्येक महिन्यांनी त्यांनी दाढी केली. मग गच्चीवर जायला लागले. भाजीवाल्याशी गप्पा मारायला लागले. आणि एक दिवस म्हणाले, "मी सहदेवकडे जाऊन येतो."

सहदेव घाडी त्यांचा जुना दोस्त. मरोळच्या एका कारखान्यात दोघांनी शेजारशेजारच्या मशीनवर उभं आयुष्य काढलं होतं. सहदेवचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे साथ आल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. दोघे रोज फोनवर भांडायचे, पण भेट नव्हती. सम्यक विमानतळाच्या कार्गोत कामाला होता. सहदेवचं घर मरोळलाच, त्याच्या वाटेवर. बाइकवर मागे बसवून तो बाबांना सोडायला लागला. आठवड्यातून दोनदा तरी फेरी व्हायची.

अशाच एका सकाळी बाबा मरोळला गेलेले असताना चौथ्या मजल्यावरच्या श्वेताचा फोन आला.

"टीचर, एक विचारू? तुम्हाला काही त्रास झाला होता का? लशीनंतर?"

"नाही गं. का?"

"आमच्याकडे पण कोणालाच नाही. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकालासुद्धा नाही. माझ्या ऑफिसात सगळे दोन दिवस तापाने फणफणले होते. आणि लस घेतल्याचे मेसेज पण आले नाहीत अजून."

नीलमने हर्षदभाईंना फोन केला. त्यांचा आवाज पडलेला होता. कॅम्प लावणाऱ्या माणसाचा फोन कालपासून बंद होता. मग तिने इंटरनेटवरून त्या हॉस्पिटलचा नंबर शोधला. पलीकडच्या मुलीने सोसायटीचं नाव दोनदा विचारलं आणि म्हणाली, "मॅडम, आमचा बोरीवलीत कॅम्प झालाच नाही."

नीलमने फोन ठेवला. ती ओट्याला धरून उभी राहिली. उजव्या हाताने तिने डावा दंड चाचपला, जणू आत काही हाताला लागणार होतं. काय गेलं असेल? पाणी? मीठ? सुई तरी नवी होती का? आणि बाबा? बाबा या क्षणी सहदेवसमोर बसले असतील, तोंड उघडं ठेवून.

तिने बाबांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. शेवटी सहदेवच्या बायकोला, जानकीकाकूंना लावला.

"काकू, बाबा आहेत ना? जवळ बसलेत का दोघं?"

"गॅलरीत आसत गो. काय झाला?"

"मास्क लावलाय का बाबांनी?"

जानकीकाकू फणकारल्या. "न लावून सांगता कोणाक? पयल्या दिवशी तसोच इल्लो, तोंड उघडा घेवन. म्हटलंय, लस घेतलंस म्हणान काय झाला? माझ्या घरात तोंड बांधूनच बसायचा. घोव माझो हृदयाचो पेशंट. रागावलो, पण बांधल्यान."

नीलमला रडू फुटलं. का रडते आहे ते तिने काकूंना सांगितलं नाही. बाबांना घेऊन ये, एवढंच सम्यकला कळवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नवरा-बायकोचं दबक्या आवाजात भांडण झालं.

"सांगू नकोस," सम्यक म्हणाला. "त्यांना कळलं ना, तर मरेपर्यंत हाताला सुई लावू देणार नाहीत. थोडे दिवस जाऊ दे. दुसरा डोस आहे म्हणून खरी लस देऊन आणू. त्यांना काय कळतंय?"

"एकदा फसवलंय त्यांना. आता आपण फसवायचं?"

"आपण कुठे फसवलं? आपणच फसलो ना!"

"त्यांनी त्या माणसांवर विश्वास नव्हता ठेवला, सम्यक. माझ्यावर ठेवला होता."

बाहेरच्या खोलीत कुंडलिक खोकले. एकदा, मग थांबून पुन्हा. कोरडा, ओढून आणल्यासारखा खोकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

नीलम बाहेर गेली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. कुंडलिकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. तिचं बोलून झालं तरी ते पडद्याकडेच बघत होते. मग खिशातून घडी घातलेला मास्क काढून त्यांनी तो सावकाश तोंडावर चढवला.

"सहदेवला कळवलंस?"

"नाही अजून."

"आधी त्याला कळव. मी गच्चीवर किती जणांशी बोललो, त्यांना पण."

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कुंडलिक पॉझिटिव्ह. नीलम आणि सम्यक निगेटिव्ह. आतली खोली बाबांची झाली. नीलम दाराबाहेर ताट ठेवायची आणि बोटाला लावायच्या मशीनवरचा आकडा त्यांना दारातूनच विचारायची. ते आत एकटे खोकत असताना ती बाहेर भिंतीला पाठ लावून बसून राहायची. खोकला थांबला की तिला आणखी भीती वाटायची.

खाली सोसायटीत आग लागल्यासारखं झालं होतं. पोलिस येऊन गेले, कॅम्पवाल्यांपैकी एकाला पकडलं, पण बाटल्यांत नेमकं काय होतं ते कोणी सांगेना. कोणी म्हणे मिठाचं पाणी, कोणी म्हणे जनावरांचं औषध. लोक रक्त तपासायला धावले. कॅम्पमध्ये हर्षदभाईंनी स्वतःच्या म्हाताऱ्या आईला पहिल्या नंबरावर बसवलं होतं. ते दार बंद करून बसले. नीलम औषधं आणायला खाली उतरली तेव्हा नलिनीकाकू खिडकीत उभ्या होत्या.

"मी त्या लोकांवर विसंबून नव्हती घेतली गं," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस म्हणून घेतली. आता रोज उठून हात बघते, काळानिळा पडतोय का म्हणून."

नीलमही रोज तेच करत होती.

एका दुपारी मशीनवरचा आकडा नव्वदच्या खाली आला. बाबा म्हणाले मशीन बिघडलंय. तिने दारातून दुसरं मशीन सरकवलं, त्यावरही तोच आकडा. ओठ निळसर दिसत होते. तिने रुग्णवाहिका बोलावली. सम्यक कामावर होता, तो थेट कोविड सेंटरवरच पोहोचणार होता. अंगभर पांढरा झगा घातलेली दोन माणसं वर आली, तेव्हा कुंडलिकांनी पलंगाची कड घट्ट धरली. त्या दोघांकडे ते ज्या नजरेने बघत होते, ती नजर नीलमने कधी पाहिली नव्हती. धोंडिरामही चालतच गाडीत बसला होता.

तिला सोबत येऊ देत नव्हते. ती मास्कवर मास्क चढवून, हट्टाने ड्रायव्हरशेजारी बसली. मधल्या काचेतून बाबा दिसत होते. नाकाला नळी, छाती भात्यासारखी वरखाली. कोविड सेंटरच्या दारात स्ट्रेचर उतरवलं, तेव्हा त्यांनी बोटाने तिला जवळ बोलावलं.

"पोरी... आत मला इंजेक्शन देतील. ते खरं असेल ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "पण मी विचारीन. प्रत्येक इंजेक्शनचं नाव विचारीन, कोणी कितीही चिडलं तरी."

त्यांनी मान हलवली. स्ट्रेचर आत गेलं.

तिने दिलेला शब्द पाळला. रोज सकाळ-संध्याकाळ फोन, औषधाचं नाव काय, कशासाठी. पहिल्या दिवशी वॉर्डातली सिस्टर वैतागली, "ताई, माझ्याकडे चाळीस पेशंट आहेत, तुमच्याशी काय बोलत बसू?" नीलमने तिला सोसायटीतलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर स्वतःच सांगायला लागली. एकदा तर फोन बाबांच्या कानाला लावून म्हणाली, "आजोबा, मी टोचायच्या आधी तुम्हाला बाटली दाखवते की नाही? सांगा सुनेला."

"दाखवते," कुंडलिक धापा टाकत म्हणाले. "चष्मा नाही, वाचता येत नाही. पण दाखवते."

त्या रात्री नीलम कितीतरी दिवसांनी झोपली.

दोनेक आठवड्यांनी ते घरी आले. निम्मे झाले होते, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसले. सहदेव आणि जानकीकाकूंना काहीच झालं नव्हतं. हे ऐकल्यावर कुंडलिक पहिल्यांदा रडले. "वहिनीने तोंड बांधायला लावलं तेव्हा मी तिला येडी म्हटलं होतं," एवढंच म्हणाले.

आजारानंतर तीन महिने थांबायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते संपत आले तसं घरात कोणी लशीचा विषय काढेना. मग कुंडलिकांनीच काढला.

"नीलम, आपल्या दोघांचं राहिलंय. कधी जायचं?"

नीलमच्या रक्ताचे रिपोर्ट चांगले आले होते, तरी आरशासमोर उभी राहिली की तिचा हात आपोआप दंडावर जायचा. सुईच्या विचारानेच तिला तो हॉल, त्या उघड्या बाटल्या आणि ती ओरडणारी बाई दिसायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा तयार होऊन दारात उभे होते, चष्मा लावून.

महापालिकेच्या केंद्रावर रांग होती. कुंडलिकांचा नंबर आला तेव्हा ते नर्सला म्हणाले, "आधी बाटली दाखवा. बंद असलेली. माझ्यासमोर उघडा." मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, चला ना!" नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग नवी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचलं, तारीख वाचली, परत दिली आणि बाही वर सारली.

नीलम मात्र खुर्चीजवळ जाऊन मागे फिरली. "मला बाहेर जायचंय," असं पुटपुटून ती आवारात येऊन कठड्यावर टेकली. समोर रांगेच्या शेवटी नलिनीकाकू उभ्या होत्या, रांगेत आहेत की नाहीत ते कळू नये अशा. तीन महिने त्या नीलमशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. पळून आले."

"मग आता?"

नीलमने मास्क सारखा केला. "मला खूप भीती वाटतेय, काकू. तरी घेणार आहे, कारण बाबांना श्वास घेताना मी बघितलंय. पण तुम्ही घ्या असं मी सांगणार नाही. आत बाटली दाखवतात, मागितली तर. तेवढं माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तेवढंच सांगते."

नलिनीकाकूंनी तिच्याकडे बघितलं आणि पदर सावरत त्या गेटबाहेर निघून गेल्या.

नीलम आत गेली. तिनेही बाटली मागितली. नाव आणि तारीख दोनदा वाचली. सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. नंतर ती बाबांशेजारच्या खुर्चीवर अर्धा तास बसली. बाबा सहदेवला फोनवर ओरडून सांगत होते की तुझा दुसरा डोस राहिलाय, आळशी माणसा, आणि पलीकडून जानकीकाकू काहीतरी ओरडत होत्या.

पुढच्या आठवड्यात श्वेताने सांगितलं, नलिनीकाकू एकट्याच केंद्रावर जाऊन आल्या. आणि म्हणे त्यांनी नर्सकडून एक नाही, दोन बाटल्या मागून बघितल्या.