पाटीवर आठ

"दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनी बॉम्बर विमानाची ऐतिहासिकदृष्ट्या तंतोतंत अचूक प्रतिकृती. प्रमाण एकास चोवीस. मोहिमेवरून न परतलेल्या आठही विमानवीरांस विनम्र अभिवादन."

हा मजकूर माझ्याखालच्या कठड्यावरील पितळी पाटीवर कोरला आहे. मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. नाशिकमधील एका खाजगी संग्रहालयाच्या दालनात १९९८ पासून दोन तारांवर लोंबकळते आहे. पाटीतील प्रमाणाविषयी माझी तक्रार नाही. कोणीही टेप लावून पाहावे, माझे पंख साडेचार फूट भरतील. माझ्या पोटातले बॉम्बसुद्धा मोजून घ्यावेत. ते ज्यांच्यावर पडले त्यांची एकही आकृती येथे नाही, पण पाटीने त्यांच्याविषयी काही म्हटलेलेच नाही, तेव्हा त्या बाबतीत तिला खोटे ठरवता येत नाही. खोटा आहे तो 'आठ' हा आकडा. आणि तो खोटा असल्यामुळे 'तंतोतंत' हा शब्दही खोटा आहे.

विमानात नऊ माणसे होती.

मला घडवले वेणीमाधवरावांनी. त्यांचे घराणे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी चालवणारे. त्यांनी पौरोहित्य सोडून महाविद्यालयात इतिहास शिकवायला घेतला आणि १९९४ साली घराच्या गच्चीवरील खोलीत माझा सांगाडा उभा केला. तो पेठच्या जंगलातून आणलेल्या शिवणीच्या लाकडाचा आहे. माझी कातडी एका छापखान्याने टाकून दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची आहे. त्याच छापखान्याचे जुने शिशाचे खिळे वितळवून त्यांनी माझी माणसे ओतली. म्हणजे माझ्यातील प्रत्येक माणूस कधी काळी अक्षरे होता. खिडक्यांसाठी त्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्म धुतल्या. उजव्या कुशीच्या खिडकीत मात्र कोणा अनोळखी माणसाच्या दोन बरगड्यांची सावली राहून गेली. ती कितीही धुतली तरी गेली नाही.

प्रत्येक रिव्हेटचा ठिपका ते ग्रामोफोनच्या सुईने उमटवत. त्यांच्या पत्नी इंदिराबाई जिन्यातून हाक मारत.

"अहो, पोळ्या दुसऱ्यांदा गार झाल्या. शेपटीचे खिळे उद्या मोजलेत तर इंग्रज काही विमान परत मागायला येणार नाहीत."

"चुकलं तर लोक हसतील."

"लोकांना शेपूट कुठली नि तोंड कुठलं हे कळलं तरी पुष्कळ आहे."

मित्रांनो, त्या दिवसांत मला माझ्या कर्त्याचा अभिमान वाटत असे. एका पंखातला अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांना झोपू देत नसे.

आता वह्यांविषयी सांगणे भाग आहे. वेणीमाधवरावांच्या घरी यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या आहेत. विधी करणारा माणूस त्यात स्वतःच्या हाताने लिहितो: मी कोण, कुठला, कोणासाठी आलो. पुढे त्याचे वंशज आले की गुरुजी ते पान उघडून दाखवतात. या वह्या लिहिणाऱ्याच्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात, मेलेल्याच्या गावाप्रमाणे नव्हे. बहुधा दोघांचे गाव एकच असते, त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. एकदा अडले.

१९९६ साली, विमानदलात गेलेल्या या भागातील माणसांचा माग काढताना, वेणीमाधवरावांना नामपूरच्या वहीत पन्नास वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली. ती त्यांनी माझ्याशेजारी बसून इंदिराबाईंना वाचून दाखवली.

"मी गोरक्ष, राहणार नामपूर, विमानदलात फिटर होतो. माझा सोबती चिमाजी, राहणार सायखेडा, याच्या नावे तिलांजली दिली. देह मिळाला नाही. तिसऱ्या इंजिनातून तेल गळत होते, म्हणून नजर ठेवायला एक फिटर वर घेतला. पाळी माझी होती. मी ताप असल्याचे सांगितले. ताप नव्हता. चिमाजी चढला. घाईत त्याचे नाव कागदावर चढले नाही. तो पळून गेला असे साहेबांनी त्याच्या घरी कळवले, तेव्हा मी बोललो नाही."

एवढे वाचून त्यांनी वही मिटली. विमानाचा क्रमांकही नोंदीत होता. तो माझ्या शेपटीवर रंगवलेलाच क्रमांक होता.

त्यांनी सायखेड्याला पत्र टाकले आणि चिमाजींचे छायाचित्र मागवले. छायाचित्र घेऊन चिमाजींच्या पत्नी नवसाबाई स्वतःच आल्या. बरोबर मुलगी भागीबाई होती. वडील गेले तेव्हा ती तीन महिन्यांची होती. आता तिचेही केस पिकले होते.

"मावशी, ते पळाले नव्हते," वेणीमाधवराव म्हणाले. "या विमानात होते. आमच्या वहीत लिहिलंय."

 नवसाबाईंनी टेबलावरची ताजी ओतलेली आकृती उचलली.

"लय बारीक केलं गुरुजी तुम्ही," भागीबाई म्हणाली.

"बारीकच होते," नवसाबाई म्हणाल्या. "पण मिशी नव्हती त्यांना. ही काढा."

वेणीमाधवरावांनी तिथेच कानस घेऊन मिशी घासून टाकली. मग त्यांनी आकृती माझ्या उजव्या कुशीत, तिसरे इंजिन दिसेल अशी, बरगड्यांच्या खिडकीपाशी बसवली.

"गुरुजी, माझ्या सासऱ्यानं मरस्तोवर त्यांचं नाव घेतलं नाय," नवसाबाई म्हणाल्या. "हिला अजून गावात पळपुट्याची पोर म्हणत्यात. तुम्ही हितं बोलला, ते चार लोकांत बोलाल का?"

"बोलेन की. उद्घाटनाला गावातली माणसं घेऊन या. सगळ्यांना दिसतील ते."

उद्घाटनापूर्वी दोन आठवडे संग्रहालयाच्या अध्यक्षांनी वेणीमाधवरावांना बोलावून घेतले. तेथे काय झाले ते मला ठाऊक नाही, मी गच्चीवरच होते. ते परत आले, त्यांनी लांब चिमटा घेतला, माझी उजवी कूस उघडली आणि नववी आकृती उपटून काढली. मागे डिंकाचे दोन ठिपके राहिले. मी तेव्हा मनोमन अध्यक्षांना दोष दिला. तुम्हीही तोच दिला असता. खुर्चीवर बसलेल्या माणसाला दोष देणे नेहमीच सोपे असते.

उद्घाटनाला नवसाबाई आल्या. जीपमधून त्यांच्याबरोबर सायखेड्याची नऊ-दहा माणसे आली होती. भाषणे झाली. पाटीवरचा पडदा सरला. वेणीमाधवरावांना शाल मिळाली, आणि एका पाहुण्याने 'अचूकता' हा शब्द सहा वेळा उच्चारला. मग नवसाबाई कठड्यापाशी आल्या.

"गुरुजी, आमचे हे कुठं बसल्यात? दिसंना."

वेणीमाधवरावांनी शाल सावरली.

"मावशी, तो वाचनातला दोष होता. नोंद दुसऱ्याच कोणाची निघाली. यात आठच होते."

"वहीत तर म्हणला होता..."

"दुसऱ्याची निघाली," ते पुन्हा म्हणाले.

सायखेड्याचे एक म्हातारे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "चला नवसाबाई. इमानात नाहीत म्हणजे कुठं तरी खुशाल असतील. नवी बायको चांगला सैपाक करत असंल."

दोघे-तिघे हसले. नवसाबाई हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. त्यांनी मुलीचा हात धरला आणि त्या बाहेर गेल्या. मी बॉम्बर विमानाची प्रतिकृती आहे. मी आजवर एकच मनुष्य जमीनदोस्त झालेला पाहिला, आणि तो मी टाकलेल्या बॉम्बने झालेला नव्हता.

मित्रांनो, त्यानंतर माझी सगळीकडे वाहवा झाली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, शाळांच्या सहली आल्या. पण मी सरळ राहत नव्हते. शिशाची एक आकृती गेली तेव्हापासून माझा डावा पंख खाली झुकतो. पहारेकरी मंगळूने तारा दोनदा आवळल्या, तरी फरक पडला नाही. तो रोज दार लावण्यापूर्वी माझ्या खिडक्यांतली डोकी मोजतो. एकदा त्याने झाडूवालीला सांगितले, "मावळतीचं ऊन आलं का नऊ भरतात. मी आता मोजायचं सोडलंय." पण तो मोजणे सोडत नाही. त्या उन्हात बरगड्यांची सावली रिकाम्या जागेवर पडते, हे मला माहीत आहे. मी ते त्याला सांगू शकत नाही, आणि खरे सांगायचे तर माझी स्वतःची तरी खात्री कुठे आहे? काही संध्याकाळी मलाही तिसऱ्या इंजिनावर कोणाची तरी नजर खिळलेली जाणवते. माझ्या लाकडी इंजिनात तेलाचा थेंब नाही. तरीही ती नजर हटत नाही.

पुढे सहली थांबल्या. धुळीने माझी पाठ राखाडी झाली, शेपटीत कोळ्याने जाळे विणले. २००४ साली नवसाबाई वारल्या. गावात त्या शेवटपर्यंत पळपुट्याची बायको राहिल्या.

आईचे नाव वहीत चढवण्यासाठी भागीबाई वेणीमाधवरावांच्या घरी गेली. वह्या काढून दिल्या इंदिराबाईंनी. त्यांनी सायखेड्याच्या वहीबरोबर नामपूरची वहीही खाली काढली आणि ते पान या वेळी शेवटपर्यंत वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी वेणीमाधवरावांना घेऊन संग्रहालयात आल्या. वही इंदिराबाईंच्या काखेत होती.

"मला शाल नको, नि पाटी बी नको," भागीबाई म्हणाली. "येत्या ग्रामसभेत मला कागद वाचायचाय. आई गेली, आता मला तरी पळपुट्याची पोर म्हणू नका म्हणावं, साठीला आले मी. तुम्ही लिहा."

"भागीबाई, संग्रहालयाच्या मंडळाचं म्हणणं त्या वेळी असं होतं की..."

"मंडळ नको. तुमचं लिहा. हितंच नाही म्हणला होता, हितंच लिहा."

वेणीमाधवरावांनी पत्नीकडे पाहिले. इंदिराबाई म्हणाल्या, "रिव्हेट मोजताना कधी मंडळाला विचारलं नव्हतंत."

ते बाकावर बसले आणि त्यांनी एक पान लिहिले. त्यांचे अक्षर नेहमीप्रमाणे रेखीव होते.

मित्रांनो, तुम्हीही कधी प्रतिकृती कराल. पंख चुकला तर चालेल, रंग चुकला तरी चालेल. पण सुई हातात घेण्यापूर्वी माणसे मोजा, आणि जे मोजाल ते गर्दीसमोर मोठ्याने सांगा. वस्तूंची निगा म्हणजे केवळ धूळ पुसणे नव्हे. माझ्यावरची धूळ कोणीही पुसू शकतो.

भागीबाईला वाचता येत नव्हते. इंदिराबाईंनी ते पान तिथेच उभे राहून, मंगळूलाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचले. त्यातील एकही शब्द मी बदललेला नाही:

"सायखेड्याचे चिमाजी त्या विमानात होते. हे मला १९९६ पासून माहीत आहे. नववी आकृती मी काढली. अध्यक्षांनी ती काढायला सांगितले नव्हते. त्यांनी फक्त पुरावा दाखवा, पाटीवर नऊ लिहू, असे म्हटले होते. पुरावा माझ्या घरात होता. तो मी दाखवला नाही, कारण नोंदीची शेवटची ओळ मी कोणालाही वाचून दाखवली नव्हती. ती ओळ अशी आहे: 'सायखेड्यास निरोप पोचवतो, असे गुरुजींनी वचन दिले.' ते गुरुजी म्हणजे माझे वडील. त्यांनी निरोप पोचवला नाही. सायखेडा येथून पंधरा मैलांवर आहे."