गोधडीवरचा लॅपटॉप

“दोन्हींना सारखंच काम द्यायचं,” आम्रपाली सांगत होती. “फ्लॉपी तीच, प्रोग्राम तोच, दोन्हींना चार्जर लावलेला. मग कुणाचं घोडं दमदार, लगेच कळतंय.”

पलूसच्या पतसंस्थेतले संचालक माना डोलवत होते. लॅपटॉप नावाची चीज त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती. संस्थेला यातला एकच घ्यायचा होता. एक साताऱ्याच्या दुकानाचा, तिथल्या माणसानं आणलेला, दुसरा सांगलीच्या लालासाहेबांच्या दुकानाचा. तो घेऊन आम्रपाली आज एकटीच आली होती. जिंकला तर नोकरी कायम. हरला तर दिवाळीनंतर येऊ नकोस, असं लालासाहेबांनी हसत हसत, पण सांगूनच ठेवलं होतं.

लेकीचं काम बघायला आक्काताई मुद्दाम कुंडलहून आली होती. सोबत जुन्या लुगड्यांची गोधडी, लेकीच्या सांगलीतल्या खोलीसाठी. आम्रपालीला आत चहाला बोलावलं, तेवढ्यात आईनं लेकीचा लॅपटॉप अलगद उचलला आणि खाली गोधडीची मऊ घडी अंथरली. एवढी महागाची वस्तू टेबलाच्या उघड्या लाकडावर कशी ठेवायची? आम्रपालीनं परत येऊन ते बघितलं. काढ म्हणणं तिच्या अगदी जिवावर आलं.

प्रोग्राम सुरू झाला. सभासदांची नावं धडाधड क्रमानं लागू लागली, आणि तिचाच लॅपटॉप पुढं! मग तो रेंगाळला. अडखळला. पडदा काळा झाला. साताऱ्याचा आपला निवांत चालूच.

“दमलं की गं तुझं घोडं,” चेअरमन नानासो म्हणाले. सगळे हसले.

तिनं लॅपटॉप उचलला. बूड तव्यासारखं तापलेलं. हवा जायच्या फटी गोधडीत पार बुजल्या होत्या. सगळं सारखं ठेवलं होतं, पण टेबल कुठं सारखं राहिलं होतं?

“ही गोधडी कुणी घातली खाली?” नानासोंनी विचारलं.

कोपऱ्यातल्या बाकावरून आक्काताई उठायला लागली.

“मी घातली,” आम्रपाली म्हणाली. “परत एकदा चालवून दाखवते, साहेब.”

“मशीन दाखवणाऱ्या बाईलाच म्हाईत न्हाई म्हटल्यावर...” नानासोंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि साताऱ्याच्या माणसाला व्यवहाराचं बोलायला आत बोलावलं.

एसटी स्टँडवर आक्काताईनं गोधडीची परत घडी घातली. मग म्हणाली, “माझ्यामुळं बिघडलं का गं?”

“न्हाई, आये. मशीनच बिनकामाचं हुतं.”

“मग तुझ्या सायबाला तसं सांग की. माझी चूक न्हाई म्हणावं.”

“सांगते,” आम्रपाली म्हणाली, आणि समोर लागलेल्या गाडीची ‘सांगली’ ही पाटी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचत राहिली.