दोघांनी बोलायचं नाही

आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार बघायला कमिशनर तीन. तिघांतल्या दोघांचं जमलं की निर्णय झाला, म्हणून ओक्लाहोमाचा कायदा असा, की सभेबाहेर दोघांनी काउंटीच्या कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तिसऱ्याकरवी निरोप धाडला तरी तेच. पलीकडच्या काउंटीत दोघं न्हाव्याच्या दुकानात एका पुलाबद्दल बोलले, कुणीतरी ऐकलं, आणि कोर्टाने पुलाचा अख्खा ठराव रद्द केला. मी लिओटा टॅकेट, इथली क्लार्क. सव्वीस वर्षं सभांचं इतिवृत्त लिहितेय, तेव्हा मला कुणी कायदा शिकवू नये.

आर्व्हेल माझा धाकटा भाऊ, तिघांतला एक. जवळच्या शहराला धरण हवं होतं ते विलो क्रीक नावाच्या ओढ्यावर, म्हणजे नेमकं त्याच्या घरावर आणि कुरणावर. भिंत शहराची, पाणी शहराचं, बुडायचं मात्र आम्ही. वा रे वा! दुसरा कमिशनर वेल्डन क्रॅब, तो शहराच्या खिशातला. उरला डॉइल प्रुएट. मंजुरी कमिशनरांचीच लागणार, म्हणजे त्याचं मत जिकडे, तिकडे धरण.

डॉइल आणि आर्व्हेल लहानपणापासूनचे जिवलग. वीस वर्षं रोज सकाळी कॅफेत एकाच टेबलावर बसून अंडी हाणायचे आणि एकमेकांच्या टोपीची टिंगल करायचे. धरणाचा विषय निघाला तसे कायद्याच्या धाकाने वेगवेगळ्या टेबलांवर पाठीला पाठ लावून बसायला लागले. मला ते बघवायचं नाही.

मार्चमध्ये शहराची माणसं माती तपासायला कुरणात भोकं पाडायला आली. आर्व्हेलने त्यांच्याच एकाच्या हातातला पाना हिसकावला आणि त्याचा जबडा फोडला. दात गवतात पडले. आठ दिवसांनी आर्व्हेलचे तीन वळू ओढ्याकाठी मेलेले सापडले. गोळ्या पोटात घातल्या होत्या, हळूहळू मरावेत म्हणून. तेव्हा त्याने पिकअप काढली आणि शहराच्या पाणीखात्याच्या कचेरीचं दार फोडून सरळ आत घातली. शेरिफने दोन दिवस कोंडला आणि सोडला, कारण शेरिफलाही निवडून यायचं होतं.

"एखाद्याचा जीव घेशील तू," मी म्हटलं.

"घेईन की. कुणाचा, तेवढं ठरायचंय."

हा माझा भाऊ. लहानपणी कोंबडी कापताना रडायचा.

धरणावर मत घ्यायची सभा सोमवारी होती. आदल्या गुरुवारी डॉइल कचेरीत माझ्या खिडकीशी आला आणि एक कागद सरकवला. "हे सोमवारी मी मांडणार आहे. टाइप करून ठेव, आणि तोंडाला कुलूप."

मी वाचलं. धरण विलो क्रीकवर नाही, चार मैल वर दगडी घळीत, जिथे चिटपाखरूही राहत नाही. निम्मं पाणी काउंटीचं. शहराला पटत नसेल तर धरणच नको.

"अरे देवा, डॉइल! आर्व्हेलला सांगू दे रे. नुसतं 'घाबरू नकोस' एवढंच म्हणते."

"वेडी आहेस का? शहराचे वकील टपून बसलेत. तुझ्यामार्फत त्याला कळलं हे बाहेर आलं, की ठराव गेला, आणि त्याचं घर पाण्याखाली. त्याच्या पोटात काही राहतं का? कॅफेत बोंब मारील. सोमवारी नवाला सगळ्यांदेखत कळेल. चार दिवस कळ काढ की बाई."

त्याच दुपारी तो शहराच्या मेयरला ती घळ दाखवायला मेयरच्याच गाडीतून गेला. कुंपणाची तार ओढता ओढता आर्व्हेलने ते पाहिलं.

शुक्रवारी तो माझ्यापुढे उभा. डोळे लाल. "विकला गेला हरामखोर. त्या मेयरच्या शेजारी बसून दात काढत होता."

"सोमवारपर्यंत थांब, आर्व्हेल."

"का? तुला काय ठाऊक आहे?"

अगदी ओठांवर आलं होतं हो! पण त्याचंच घर डोळ्यांपुढे आलं, आणि मी गिळलं. "मला काही ठाऊक नाही."

"तूही त्यांचीच," तो म्हणाला, आणि लाथ मारून खिडकीखालची फळी फोडून गेला. शनिवार-रविवार मी त्याच्याकडे फिरकले नाही. गेले असते तर बोलून बसले असते, म्हणून नाही गेले.

सोमवारी हॉल खच्चून भरला. प्रार्थना झाली, झेंड्याला वंदन झालं. डॉइलने लगेच हात वर केला. "मला ठराव मांडायचाय."

"आधी लोकांचं ऐकायचं," वेल्डन अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणाला. "माणशी तीन मिनिटं. नियम आहे."

नियमच तो! पहिला उठला मेयर, तोंडभर हसत. "गुरुवारी डॉइल आणि मी जागा बघून आलो. आमचं बरंचसं जुळलंय..."

आर्व्हेल उठला. त्याने स्वतःखालची घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि डॉइलच्या खांद्यावर घातली.

"अरे, ऐक तर—" डॉइल हात आडवा धरून म्हणाला. दुसरा घाव त्या हातावर बसला, हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तिसरा कानशिलावर. तो पडला तरी आर्व्हेल थांबेना. शेरिफ गर्दीत अडकला होता. मी टेबलावर चढून किंचाळले, "मूर्खा! तुझं घर वाचवलंय त्याने! तुझं घर!"

खुर्ची वरच राहिली. मी कागद त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने वाचला. मग खुर्ची टाकली, खाली बसला, डॉइलचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणायला लागला, "ऊठ रे. ऊठ की." रुग्णवाहिका यायच्या आत डॉइल गेला.

दोघांच्या जागी नवी माणसं आली आणि पहिल्याच सभेत धरण विलो क्रीकवर मंजूर झालं. आर्व्हेलला जन्मठेप झाली. सहा महिने तो मला भेटायला तयार नव्हता. शेवटी हो म्हणाला. तुरुंगात काचेपलीकडे बसला, फोन उचलला.

"शुक्रवारी तुला ठाऊक होतं?"

"होतं." मग मी घाईघाईने सगळं सांगितलं. वकील, ठराव, कायदा. "सांगितलं असतं तर ठराव रद्द झाला असता, आर्व्हेल. जमीन गेली असती तुझी. म्हणून गप्प बसले रे, तुझ्यासाठीच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"जमीनच गेली असती ना, लिओटा," तो म्हणाला. "डॉइल तरी राहिला असता."