नऊ नंबरच्या खाटेजवळचा जग

मित्रांनो, मी पाणी ठेवायचा एक जुना स्टीलचा जग आहे. माझे झाकण आता नीट बसत नाही, कानाजवळ एक पोचा आहे आणि पोटावर ‘९’ हा आकडा कोरलेला आहे. तो माझा नंबर नव्हे, खाटेचा आहे. ज्या शुश्रूषागृहात माझे आयुष्य गेले तिथे माणसांनाही खाटेच्या नंबरानेच ओळखतात. तेव्हा मी वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

दवाखान्याने ‘आता आमच्याकडून एवढेच’ म्हणून सोडलेली आणि घरी उचलून-धरून करायला कोणी नसलेली माणसे इथे येतात. कोणाला नळीतून अन्न द्यावे लागते, कोणाची जखम रोज धुवावी लागते, कोणाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. म्हणून इथे शिकलेल्या सिस्टर असतात आणि त्यांच्या हाताखाली मावश्या.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती दाबून दाबून माझे पोट घडवले, डाग देऊन कान जोडला आणि चाळीस भावंडांबरोबर खोक्यात भरून मला इथे पाठवले. ती भावंडे आता नाहीत. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. माझी खाट कोपऱ्यात, खांबाआड. तिथे कोणाचे लक्ष गेले नाही, म्हणून मी राहिलो.

माझी उमेदीची वर्षे मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली गेली. ठेंगणी मूर्ती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या फेरीला आल्या की आधी पांघरूण वर करून टाचा बघत. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडत आणि ती कधी सपाट होते ते बघत. खाटेशी वाकून वास घेत. मग मला उचलत. सकाळी भरलेला मी दुपारी तितकाच जड लागलो, की मावश्यांची धडगत नसे.

“हे पाणी काय शोभेला ठेवलंय? फुलदाणी आहे का ही?”

“सिस्टर, आजोबा नको म्हणाले.”

“नको म्हणायला पैसे पडत नाहीत. थांबून पुन्हा विचार. पुन्हा नको म्हणाले, तर गप्पा मार आणि तिसऱ्यांदा विचार.”

त्या निवृत्त झाल्या. निरोपाला केक कापला, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून कागद आले. कागदावर चौकटी होत्या. एका चौकटीत लिहिलेले असे : ‘खाटेजवळ पिण्याचे स्वच्छ पाणी आहे का?’ वर्षातून एकदा तपासणीस साहेब येत. माणूस सभ्य होता, ओरडत नसे. माझे झाकण उघडून बघे, ‘छान, काठोकाठ आहे’ म्हणे आणि चौकटीत खूण करी. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला अभिमान वाटे. भरलेले असणे हेच आपले काम, असे मीसुद्धा समजून चाललो होतो.

मग नऊ नंबरवर आजी आल्या.

आयुष्यभर त्यांनी शिवणकाम केले होते. पक्षाघाताने उजवे अंग गेले आणि वाचा गेली. डावा हात तेवढा शिल्लक होता. तो चादरीच्या काठावरून फिरत राही, जशी काही टीप तपासत आहे. गिळण्याच्या स्नायूंनाही धक्का बसला होता. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, “उठवून बसवायचं, चमच्याने पाजायचं, हनुवटी खाली करायला लावायची, गिळलं की मगच पुढचा चमचा. दिवसाला सहा पेले गेलेच पाहिजेत. नाही गेले तर बाई हातच्या जातील.”

सहा पेले! एका पेल्याला अर्धा तास लागे. आणि बावीस खाटांमागे मावश्या होत्या दोन.

त्यांतल्या एकीला सगळे गोगलगाय म्हणत. जाडजूड, पाय दुखणारी, कामाला सावकाश. ती आजींच्या पाठीशी उशी लावी, चमचा ओठाला लावी आणि वाट बघे. “घ्या, घाई नाही. ब्लाउज शिवायला टाकला की तुम्ही पण लोकांना महिना-महिना थांबवत होतात ना? आता मी थांबते.” आजींचा अर्धा चेहरा हसे. तिच्या पाळीत मी निम्मा होई. दुसऱ्या पाळीत मला खाटेच्या उजव्या बाजूला, मेलेल्या हाताकडे ठेवत. आजी मान वळवून माझ्याकडे बघत राहत. तहानलेल्या माणसाने आपल्याकडे असे बघावे आणि आपण जागचे हलू नये, यासारखी शिक्षा नाही.

आजींना एकच लेक. ती पाच तासांचा प्रवास करून दर रविवारी येई, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून दोन तासांत निघे. आल्याबरोबर माझे झाकण उघडी. भरलेले पाणी पाहून तिचा जीव भांड्यात पडे. एकदा गोगलगायीने इकडेतिकडे बघून तिला हळूच सांगितले, “ताई, जग भरलेला दिसला की खूश होऊ नका. भरलेला म्हणजे कोणी पाजलंच नाही. संध्याकाळी रिकामा दिसायला पाहिजे.”

लेकीचा चेहरा पांढरा पडला. ती तशीच ऑफिसात गेली आणि तिने लेखी तक्रार दिली. रोज चार वाजता नऊ नंबरचा जग तपासा आणि किती पाणी उरले ते लिहून ठेवा, असे तिने मागितले. शहाणी मागणी होती. मला वाटले, आता आजींचे दिवस पालटले.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर बाई खाटेशी आल्या. “गोगलगायबाई, घरचे वासे मोजून बाहेर सांगता काय? अकरा खाटा तुमच्याकडे, आणि तुम्ही एकीलाच पाजत बसता. बाकीच्या दहा काय तुमच्या सवती आहेत?”

“बाई, एक माणूस वाढवा. मी हात जोडते.”

“माणूस वाढवणं माझ्या हातात असतं, तर आधी माझं जेवण मी वेळेवर जेवले असते. उद्यापासून तुम्ही धुलाईला.”

तेही खोटे नव्हते. त्या बाईंचा डबा रोज पाच वाजता उघडे.

गोगलगाय तळघरात चादरी धुवायला गेली. माझ्या शेजारी भिंतीवर नवा तक्ता लागला. चार वाजता जगातील पाणी : पाव, अर्धे, पाऊण. पहिले दोन दिवस नव्या मावशीने खरेच पाजून पाहिले. आजींना जोराचा ठसका लागला, डोळे पांढरे झाले, आणि ती पोरगी अशी घाबरली की पुन्हा पाण्याच्या चमच्याला हात लावेना; घट्ट पेजेतून जाई तेवढेच पाणी. तिसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटे कमी असताना तिने मला उचलले, बेसिनवर नेले आणि निम्मा ओतून टाकला. तक्त्यावर ‘अर्धे’ लिहिले.

दुसरी मावशी तोंड धुता धुता म्हणाली, “या बेसिनची तब्येत बघ कशी सुधारलीय!” दोघी हसल्या. मग पहिली रडायलाच लागली. पण रडून झाल्यावर तिला आणखी दहा खाटा करायच्या होत्या.

लेक रविवारी आली, तक्ता वाचला, माझ्यात डोकावली आणि आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “आई, पाणी जातंय आता तुला. बघ, भांडले तेव्हा झालं.” आजींचा डावा हात तिच्या मनगटाला घट्ट धरून राहिला. ओठ हलले. “हो गं, मलाही जावंसं वाटत नाही,” लेक म्हणाली, “पण गाडी आहे.”

त्याच आठवड्यात तपासणी झाली, तेव्हा साहेबांनी तो तक्ता फार वाखाणला. नातेवाइकांच्या सूचनेची अशी दखल त्यांनी कुठे पाहिली नव्हती. शुश्रूषागृहाला वरचा दर्जा मिळाला. लेकीने अभिप्रायाच्या कागदावर ‘समाधानी’ असे लिहून सही केली.

त्यानंतर नवव्या दिवशी आजींना ताप चढला. हाक मारली तरी डोळे उघडेनात. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले. जीभ लाकडासारखी झाली होती. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

“यांच्या अंगात पाणीच नाही,” ते म्हणाले.

लेक धावत आली होती. “असं कसं डॉक्टर? पाणी तर भरपूर जात होतं. मी स्वतः बघत होते. जग रोज निम्मा रिकामा व्हायचा.” तिने मला उचलून त्यांच्यापुढे धरले. मी पत्र्याचा, मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतेच. सुई लावली, सलाईन चढवले. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गेल्या. जग रोज निम्मा रिकामा व्हायचा, हे लेक अजून कोणाकोणाला सांगत असेल.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाची आजी, कोणाचे आजोबा अशा ठिकाणी असतील. तिथे गेलात तर भिंतीवरचे तक्ते वाचू नका, मला उघडून बघू नका. चमचा हातात घ्या, खाटेशी बसा आणि त्यांचा एक पेला संपेपर्यंत उठू नका. गाडी चुकली तर चुकू द्या. हे मी सांगतो आहे खरे, पण ऐकून कोणी बसेल, असे मला वाटत नाही. सगळ्यांना गाड्या असतात.

सध्या नऊ नंबरवर एक आजोबा आहेत. त्यांनाही चमच्यानेच पाजावे लागते. सकाळपासून ते माझ्याकडे बघत आहेत आणि मी काठोकाठ भरलेला आहे. चार वाजत आले. मावशीची पावले ऐकू येतात. आता मला बेसिनवर नेतील.