आधी तेल, मग पिसं

मी बाण बोलतोय. दचकू नका, माझं टोक भिंतीकडे आहे. आणि माझ्या मालकांची नेमबाजी बघता ते तुमच्याकडे असतं तरी तुम्हाला धोका नव्हता. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने मात्र जपून राहावं.

मी दुकानातून आणलेला चकचकीत बाण नव्हे. घरी केलेला, अस्सल लाकडी. माझा जन्म एका देवदारी खोक्यात झाला. माझे मालक शिवणयंत्रं दुरुस्त करतात आणि त्या खोक्यातून यंत्रांचे सुटे भाग आले होते. भाग काढून झाल्यावर मालकांनी खोक्याची एक फळी सुटी केली, नाकाशी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "रेषा सरळ आहेत, गाठ एकही नाही. हिचे बाण होतील."

"खोक्याचे बाण?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातून म्हणाल्या. "मी त्यात कांदे ठेवणार होते."

असा मी कांद्यांच्या तावडीतून सुटलो. मालकांनी फळीच्या चौकोनी कांड्या कापल्या, रंधा मारून कडा काढल्या, काचपेपरने घासून घासून आम्हाला गोल केलं. त्या दिवसांत माझं निम्मं अंग भुसा होऊन जमिनीवर पडलं, पण तक्रार नाही. माझे जे भाऊ वाकडे निघाले, त्यांना काकूंनी कुंड्यांत रोवून टोमॅटोच्या रोपांना टेकू दिला. खिडकीतून ते मला दिसायचे. गळ्यात सुतळी, अंगावर टोमॅटो. मी सरळ राहायची शपथच घेतली.

मग आलं तेल.

तेल हा मालकांचा जीव की प्राण. यंत्र कुरकुरलं, घाल तेल. दार करकरलं, घाल तेल. शेजारच्यांचं पोरगं रडायला लागलं तरी यांचा हात आधी तेलाच्या बुधलीकडे जातो. लाकडावर नुसतं बसणारं नाही, लाकडात मुरणारं तेल हवं म्हणून त्यांनी जवसाचं तेल आणलं. मऊ चिंधी बुडवून त्यांनी माझ्या अंगावरून टोकापासून मागच्या, दोरी अडकवायच्या खाचेपर्यंत एक हात फिरवला, आणि काय सांगू! कालपर्यंतचा फिकट, खोक्याचा गरीब नातेवाईक मी, एकदम मधाच्या रंगाचा झालो. अंगावरच्या रेषा उठून दिसायला लागल्या. तेल आत जिरू द्यायचं, वर राहिलेलं पुसून काढायचं, दोरीला टांगून वाळवायचं, मग पुन्हा हात. प्रत्येक हाताला मी आणखी देखणा होत गेलो. खोटं का बोला, मला थोडा माज चढला.

तेलाची चिंधी बोळा करून टाकली तर आतल्या आत तापून पेटते, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते चिंध्या नीट पसरून वाळत घालायचे. कुठे, तर काकूंच्या कपड्यांच्या दोरीवर.

काकू लोकांचे कपडे शिवतात. घराला मागे एक चांगली उजेडाची खोली आहे, पण तिथे मालकांचं धनुष्य, रंधा, बुधल्या आणि आम्ही. काकूंचं यंत्र होतं स्वयंपाकघराच्या बोळात. कोणी दार उघडलं की ते त्यांच्या कोपरावर आदळायचं आणि टाका वाकडा जायचा. त्यात एक दिवस गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला शेजारच्या चिंधीचा डाग लागला, आणि काकू थेट मागच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"रविवारी तुमची स्पर्धा आहे ना? त्यात तुमचा घरचा एक जरी बाण निशाणात रुतला, तर खोली तुमची. मी जन्मात पुन्हा शब्द काढणार नाही. नाही रुतला, तर सोमवारी खोली रिकामी."

"कबूल!" मालक छातीवर हात मारून म्हणाले.

"मी साक्षीला आहे," तिथेच बसलेले साडूभाऊ म्हणाले. काकूंच्या बहिणीचे हे यजमान सगळं विकत आणणाऱ्यांपैकी. त्यांचे बाणही दुकानातले आणि हसूही दुकानातलं.

आता फक्त पिसं लावायची राहिली होती. बाणाच्या मागे पिसं नसतील तर तो सरळ जात नाही, भेलकांडतो. मालकांनी टर्कीची सुरेख पिसं आणली, कापून सारखी केली, डिंक लावून माझ्या पाठीवर चिकटवली आणि साडूभाऊंना मुद्दाम बोलावून मागच्या अंगणात मला धनुष्याला लावलं.

दोरी सुटली. मी निघालो. आयुष्यातली पहिली भरारी! वाऱ्याचा जोर लागला आणि मला पाठीला गार वाटायला लागलं. मागे पाहतो तर तिन्ही पिसं माझा निरोप घेऊन आपापल्या वाटेने चालली होती. मी तिथल्या तिथे आडवा झालो, गरागरा फिरलो आणि दोरीवरच्या ओल्या चादरीला चापट मारून खाली पडलो.

"साडूभाऊ," साडूभाऊ पोट धरून म्हणाले, "बाण मारलात की कोंबडी सोललीत?"

मालकांनी पिसं गोळा केली. पुन्हा डिंक लावला, पुन्हा निघाली. दुसरा डिंक आणला, तोही सुटला. शेवटी, डिंक नीट बसावा म्हणून त्यांनी काय करावं? पिसांच्या जागेवर आधी तेलाचा एक हात फिरवला! माझा आवाज त्यांना ऐकू जात असता तर मी बोंब मारली असती. अहो, या तेलामुळेच डिंक धरत नाही! आधी पिसं, मग तेल, इतकी सोपी गोष्ट. पण ज्याला जन्मभर तेलाने तारलं, त्याला तेलच बुडवतंय हे कसं दिसणार?

शनिवारी संध्याकाळी मालक स्टुलावर बसले होते, मांडीवर मी आणि माझे दोन भाऊ, तिघेही बोडके. चेहरा असा पडलेला की मलाच कसंतरी झालं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करत आला. स्वतःचं म्हणून त्याने केलेलं पहिलं काही असेल तर ते आम्ही.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की झालं, खोली त्यांचीच. त्यांची नजर खोलीभर फिरली ती मी पाहिली. इथे यंत्र, इथे कपाट, इथे खिडकीचा उजेड. मग ती नजर मालकांवर आली आणि तिथेच अडली.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बाण आणा. तेलावर डिंक धरतो का कुठे? तेलाचा डाग पडलेल्या कापडाला काही चिकटत नाही, म्हणून तर ओरडते तुमच्यावर."

त्यांनी मजबूत दोरा घेतला. पिसाचं पुढचं टोक माझ्या अंगाला बांधलं, मग सुईने पिसाचे केस अलगद विलग करत दोऱ्याचा एकेक वेढा त्यांच्यामधून नेला आणि शेवटी पक्की गाठ मारली. माझ्या देखण्या अंगाला दोरे, म्हणून सुरुवातीला मी नाक मुरडलं. पण पिसं अशी घट्ट बसली, जणू मी त्यांच्यासकट उगवलो होतो.

मालक बघत राहिले. "हे तुला आधीच माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खोली गेली असती ना माझी!"

"मग आता का?"

काकूंनी दाताने दोरा तोडला. "तोंड बघा स्वतःचं आरशात. असलं तोंड घेऊन तुम्ही घरभर फिरणार, आणि मी उजेडात बसून शिवू होय?"

रविवारी मैदानावर आम्ही तिघे भाऊ हजर. पहिला बाण मालकांच्या पायाशीच पडला, कारण ऐन वेळी त्यांनी धनुष्याच्या दोरीला तेलाचं बोट लावलं होतं आणि बोटं निसटली. दुसरा गवतात गेला. साडूभाऊंनी हसायला तोंड उघडलं. आता उरलो मी.

"थांबा!" काकू गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी आपल्या रुमालाने आधी दोरी पुसली, मग मालकांची बोटं एकेक करून पुसली, अगदी शाळेत जाणाऱ्या पोराची पुसावीत तशी. "हं. आता मारा."

मी सुटलो. पिसांनी वारा धरला. मी फिरत फिरत, सरळ, नाकासमोर गेलो आणि खाड्कन निशाणाच्या अगदी कडेला रुतलो. कडेला का होईना, रुतलो!

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत मोठ्या काकूंच्या. मग त्यांना खोलीची आठवण झाली असावी, कारण त्यांचे हात हळूहळू थांबले.

घरी येऊन मालक मागच्या खोलीत मला पुसत बसले. बोळात काकूंचं यंत्र सुरू झालं होतं. कोणीतरी दार उघडलं, धप्प आवाज झाला आणि यंत्र थांबलं. मालकांचा हातही थांबला. त्यांनी माझ्या पिसांमधल्या त्या बारीक वेढ्यांवरून अंगठा फिरवला आणि हाक मारली, "अगं, तुझं यंत्र आत आण."

"का? जिंकलात ना तुम्ही?"

"जिंकलो म्हणून तर देतोय. हरलो असतो तर द्यावीच लागली असती, त्यात माझं काय होतं?"

काकू बराच वेळ उगीचच कात्री शोधत राहिल्या, ती हातातच होती.

आता मी या खोलीत दोन खिळ्यांवर असतो. खाली काकूंचं यंत्र चालतं आणि मालक बोळात बसून नवे बाण करतात. कोपर त्यांचं, दार तेच. पाहुणे आले की मला दाखवतात, आणि काकू माझ्या टोकाने वरच्या फळीवरची रिळं खाली ओढतात. मान आहे, काम आहे. पण बाणाचा जीव भिंतीवर रमत नाही.

म्हणून जाता जाता एकच मागणं, मालकांना तेवढं सांगा. पुढच्या स्पर्धेला मला न्या, आणि धनुष्य काकूंच्या हातात द्या. त्यांची बोटं कोरडी असतात आणि नजर सुईच्या नेढ्यावर बसलेली आहे. एकदाच द्या. या वेळी मी कडेला रुतणार नाही.