स्वातीनं हात लावला नव्हता

ब्रह्मपुरीहून सकाळच्या पहिल्या बसनं निघालेली तहसीन धानोऱ्याच्या दवाखान्यात पोहोचली, तेव्हा रक्ततपासणीच्या खोलीबाहेर वीसेक माणसं बसली होती. दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. तपासणीच्या कॉम्प्युटरवर काल तिनंच नवी सिस्टीम चढवली होती, सगळं चालवून दाखवलं होतं आणि बंद करू नका असं बजावून ती परतली होती. आज प्रोग्रॅम उघडत नव्हता. पडद्यावर एकच ओळ येत होती : शेअर्ड मेमरी उघडण्याची परवानगी नाही.

"काल तं चालू होतं," ती खुर्ची ओढत म्हणाली. "स्वाती, तू काय केलं?"

स्वाती तिथली ऑपरेटर. जंगलातल्या एका गावची, कामाला लागून तीनच महिने झालेली.

"मी काईच नाई केलं, ताई. माझ्या खात्यातून उघडलं तं हेच आलं. एकदा बंद करून चालू करून पाहू का?"

"हात नको लावू! हात लावूनच हे झालं."

ते मोठ्यानं निघालं. दारातल्या इनचार्ज गुणाबाईंनी ऐकलं, बाकावरच्या माणसांनीही ऐकलं. त्यांत स्वातीच्या गावचा लच्छू होता. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी त्यानं मुलीला खांद्यावर बसवून आणलं होतं. तिचे गुडघे सुजले होते. त्यानं स्वातीकडं पाहिलं आणि नजर वळवली.

तहसीननं प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. एकदा, दोनदा. फोल्डरांच्या परवानग्या तपासल्या. बारा वाजता गुणाबाईंनी सगळ्यांना गुरुवारी या म्हणून सांगितलं. लच्छूनं मुलीला पुन्हा खांद्यावर घेतलं.

मग तहसीनला मेमरीचीच यादी काढून पाहायचं सुचलं. मशीनकडून आकडे घेणारा आणि रिपोर्ट छापणारा, असे दोन प्रोग्रॅम मेमरीचा एकच तुकडा वापरत. यादीत तो तुकडा होता. त्याचा मालक : अ‍ॅडमिन. वेळ : काल दुपारचे तीन चाळीस.

काल दुपारी अ‍ॅडमिन खात्यातून प्रोग्रॅम चालवून दाखवला होता तो तिनंच. मेमरीचा तुकडा तेव्हा अ‍ॅडमिनच्या नावावर तयार झाला आणि तसाच राहिला. स्वातीच्या खात्याला त्यात शिरताच येत नव्हतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला असता, तर तो आपोआप गेला असता.

 तिनं तो तुकडा पुसला. प्रोग्रॅम लगेच उघडला.

"झालं? काय होतं?" गुणाबाईंनी विचारलं.

"परवानगीचा घोळ होता. नव्या सिस्टीममध्ये होते असं."

"ऐकलं ना, स्वाती? आता तरी विचारून हात लावत जाय."

"हो, बाई." स्वातीनं कागदाच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि पडद्याच्या कडेला चिकटवलं. 'ताईले विचारल्याबिगर हात लावू नये.'

तहसीननं बॅग उचलली होती. चिठ्ठी वाचून तिनं बॅग खाली ठेवली.

"गुणाबाई, चूक माझी हाये. स्वातीची नाई." आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. 

स्वातीनं पडद्यावरची चिठ्ठी काढून हातात घेतली. "म्हंजे मी म्हनत होती तसं बंद करून चालू केलं असतं, तं?"

"पाच मिनटात झालं असतं."

"मंग लच्छूभाऊले कोन सांगन? गावात आज माझंच नाव निघन."

"मी सांगीन."

गुरुवारी काही काम नसताना तहसीन आली आणि लच्छूची वाट पाहत बाकावर बसली. तो आल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून तिनं सांगितलं, की त्या दिवशीची चूक तिची होती, स्वातीनं कशालाच हात लावला नव्हता.

लच्छूनं मुलीला खाली उतरवलं. पाठ सरळ केली.

"ते मेमरी-बिमरी मले नाई समजे, बाई. पोरीले दोनदा आनलं, ते समजते."

 स्वाती दारात आली, मुलीचा हात धरून आत नेताना तिच्याशी गोंडीत काही बोलली. मुलगी हसली. तहसीनकडं स्वातीनं पाहिलंसुद्धा नाही.